तिन-तेझाच्या फाट्यावरचा टायर

मी एक जुना टायर आहे. बराचसा वाळूत, उरलेला उन्हात. वाळवंटातल्या अर्लित गावाहून सीमेवरच्या नाक्याकडे निघालेल्या वाटेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे मला खुणेसाठी उभा पुरला आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, मला बोलायची सवय राहिलेली नाही. इथे दहा-दहा दिवस कुणी फिरकत नाही. शेजारी म्हणावा तर पुढचा टायर, तोही हवा स्वच्छ असेल त्या सकाळी ठिपक्याएवढा दिसतो. तेव्हा बोलण्यात काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फक्त भट्टीचा चटका आठवतो, आणि इथे राहिल्यावर त्याचंही काही वाटेनासं झालं. मला एका दहाचाकी ट्रकला पुढे डावीकडे बसवलं. पुढचं चाक म्हणजे मान असतो, मागच्यांना नुसती धूळ खावी लागते. खजूर, पिठाची पोती, बकऱ्या आणि वर बसलेली माणसं, एवढं सगळं घेऊन मी सीमा किती वेळा ओलांडली असेल! ट्रक थांबला की ड्रायव्हर पहिली लाथ मलाच मारायचा, हवा बघायला. मला ती शाबासकी वाटायची. ‘हा अजून चार खेपा काढेल,’ असं तो म्हणाला होता. मी बारा काढल्या.

मग एका धारदार दगडाने माझी कूस फाडली. दोनदा ठिगळ लावलं, तिसऱ्यांदा ड्रायव्हरने मला उतरवलं, इथे खड्डा करून उभा केला, हात झटकले आणि गाडीत जाऊन बसला. मागे वळूनही पाहिलं नाही. एवढी वर्षं ज्याचं ओझं वाहिलं, त्याने ‘बरंय’ एवढं तरी म्हणावं की नाही? नंतर कुणीतरी माझ्या पाठीची एक पट्टी चपलांसाठी कापून नेली. ती पट्टी अजून कुठेतरी चालत असेल. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटतो.

गेल्या थंडीतली गोष्ट. दुपार कलायच्या आधी एक पिकअप माझ्यापाशी थांबली. गाडी चालवत होता अत्तहेर. शेजारी त्याचे सासरे, म्हातारे अखामुक. मागे गादीवर त्याची बायको तकामत, आठवा संपत आलेली. पहिलं बाळंतपण आईकडे व्हायला हवं, आणि आई सीमेपलीकडे. म्हणून बाप लेकीला न्यायला आला होता, जावई पोचवायला निघाला होता.

आमच्या या मुलखात जावयाने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नसतं. अगदी खरंखुरं तोंड. पागोट्याचा पदर डोळ्यांपर्यंत ओढायचा, त्यांच्यादेखत घास घ्यायचा नाही, त्यांचं नाव उच्चारायचं नाही. आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायचं म्हणजे तर सगळ्या घराण्याची अब्रू वेशीवर टांगली. इथे गाडी थांबली की तीन पेले चहा होतोच; अत्तहेर तोसुद्धा पाठ फिरवून पीत होता.

अखामुकनी वाळूत बोटाने दोन रेघा ओढल्या आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, “उजवीकडची वाट दगडाधोंड्यांची. पोरीला हिसके बसतील. डावीकडून जायचं, तिन-तेझाच्या विहिरीवरून. वाळू मऊ आहे, तेव्हा गाडी हलकी हवी. पाण्याच्या सहा डब्यांतले चार ओतून टाकावेत. पाणी विहिरीवर भरून घेऊ.”

मित्रांनो, मी त्या विहिरीची वाट पुरती ओळखतो. तिथून नाका आणखी एक अख्खा दिवस. आणि तिन-तेझा वाळूने भरली, हे गेल्या महिन्यात इथे थांबलेल्या उंटवाल्यांकडून मी ऐकलं होतं. कोरड्या विहिरीवर दोन डबे पाणी, तिघं माणसं, त्यात एक पहिलटकरीण! मला ओरडावंसं वाटलं. पण टायरला आवाज फुटतो तो फुटतानाच, आणि मी तर कधीच फुटून बसलो होतो.

अत्तहेर उठला. त्याने पहिला डबा उचलला, माझ्या पायाशी आणला, झाकण काढलं आणि ओतला. सगळा. वीस लिटर पाणी वाळूने गटकन पिऊन टाकलं. ओतताना त्याची नजर डाव्या वाटेवरून हटत नव्हती. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं! ठाऊक असून तो मूग गिळून ओतत होता.

दुसरा डबा त्याने आणला. झाकण काढलं आणि तसाच राहिला. मग उकिडवा बसून तो चक्क माझ्याशी बोलायला लागला.

“टायरभाऊ, पी बाबा. तू तरी पिऊन घे. तिन-तेझाला आता तुलाही पाणी मिळायचं नाही.”

मी इथे आल्यापासून माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी इतका हरखलो की अर्थ कळायला वेळ लागला.

अखामुक पेल्यातल्या फेसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तकामत, त्या टायरला सांग, ती विहीर माझ्या वडिलांनी बांधली आहे.”

“टायरा, ऐकलंस ना?” तकामत गादीवरून म्हणाली. “नीट बोल. आमच्या आजोबांची विहीर आहे.”

“म्हणून तर टायरला वाईट वाटतंय,” अत्तहेर खाली मान घालून म्हणाला. “दोरी सोडली तर भांडं वाळूवर आपटलं.”

“हा टायर तिथे गेला कधी?” अखामुकनी विचारलं. “कमरेएवढा रुतलाय इथे.”

“टायर नाही गेला. त्याचा एक दोस्त गेला होता, मागच्या खेपेला.”

“मग त्या दोस्ताने घरून निघतानाच का नाही सांगितलं?”

“दोस्ताला लाज वाटली. विहीरवाल्यांची मुलगी त्याची बायको आहे.”

तकामत पोट धरून हसायला लागली आणि मधेच थांबली. तिला कळ आली होती. ती ओठ दाबून बसली, मग म्हणाली, “काही नाही, बाळाने लाथ मारली. त्यालाही काहीतरी बोलायचं असेल. पण अब्बा, डबा अजून उघडाच आहे.”

आपल्या बापाची विहीर मेली हे ऐकायला सोपं नसतं. शेवटी तिसरा पेला संपवून म्हाताऱ्याने वाळूतली डावी रेघ तळव्याने पुसली.

“मग टायरचं म्हणणं काय? कसं जायचं?”

“उजवीकडून,” अत्तहेर मला म्हणाला. “गादी दुहेरी घालायची. चाकांतली थोडी हवा सोडली की दगड बोचत नाहीत, हे टायरइतकं कुणाला कळणार? पाच डबे पुरतील. आत्ता निघालो तर मावळायच्या आत नाका गाठू.”

“टायरला मावळायची घाई झाली आहे,” अखामुक म्हणाले. “नाका बंद झालेला सापडला तर पोरगी उघड्यावर राहील, त्या थंडीत. त्याला म्हणावं, काळ्या दगडांच्या आडोशाला मुक्काम करायचा. त्यापुढे वाळू लागते, ती पहाटे घट्ट असते, तेव्हा निघायचं. नाका उघडतानाच आपण दारात.”

“हे टायरला सुचलं नव्हतं,” अत्तहेरने कबूल केलं.

“कसं सुचणार? मधूनमधून मोठ्यांना विचारावं त्याने.” ते उठले, ओल्या वाळूकडे पाहिलं, तीही सुकत आली होती. “आणि पुढच्या वेळी पाणी ओतायच्या आधी बोल म्हणावं. ओतल्यावर नको.”

ते उजवीकडून गेले. धूळ खाली बसली आणि मग मला भीतीने घेरलं. मित्रांनो, वाट दाखवणाऱ्याला पोचले की नाही हे कधीच कळत नाही. किती दिवस गेले, मोजले नाहीत. मी फक्त उजवीकडे बघत होतो.

आणि एक दिवस ती पिकअप आली. अत्तहेर एकटाच. गादी नव्हती. सासरे नव्हते, त्यामुळे पागोट्याचा पदर हनुवटीखाली होता, आणि तो स्वतःशीच एक नाव वेगवेगळ्या सुरात म्हणून बघत होता, जणू जिभेला सवय लावतोय. रैशा. रैशाऽ. मुलगी झाली होती! माझ्या जिवात जीव आला. तो माझ्या सावलीत बसला, मला पाठ टेकली आणि तिन्ही पेले सावकाश प्यायला. मी वाट बघत होतो. टायरभाऊ म्हणेल, काहीतरी सांगेल.

तो एक शब्दही बोलला नाही. उठला, कपडे झटकले आणि गेला. त्याला माझ्याशी बोलायची आता गरज नव्हती, कारण तो तेव्हाही माझ्याशी बोलत नव्हताच. खूप वाईट वाटलं, लपवत नाही. पण मग वाटलं, जे पोचायचं होतं ते पोचलं ना.

आता वाळू माझ्या खांद्यापर्यंत आली आहे. दोन-तीन वादळांत मी दिसेनासा होईन. वाटेवर असा एखादा बुजत चाललेला टायर दिसला, तर तेवढी वाळू उकरून जा. त्याच्यावर कुणाची तरी लेक अवलंबून असते. आणि मित्रांनो, तुमच्या घरात कुणी मांजराशी, भांड्यांशी, नाहीतर भिंतीशी बोलताना दिसलं, तर हसू नका. काम सोडून जवळ जाऊन बसा. ते तुमच्याशी बोलत असतं.