छपराची ट्रॉली
आमच्या पोरानं, शहादेवनं, एकदा मोबाईलवर दाखवलं. परदेशातली माणसं मोटारीमागं घर जोडून हौसेनं रानात राहायला जात्यात. आत पलंग, चूल, खिडकी. मी म्हणलं, हात मेल्या, आमी ऊसतोडीला जाऊन दर साल अर्धं वरीस रानातच राहतो, आमाला कुणी हौशी म्हणत न्हाई. पण खरं सांगते, त्या खिडकीवरून माझा डोळा हलंना.

कावून, तर सून रोहिणी. मागच्या हंगामात तिचं पहिलं लेकरू फडावरच्या कोपीत, भुईवरच्या पाचटाच्या झोपडीत, गेलं. शेजारच्या उसाला पाणी सोडलेलं, खालून ओल, वरून थंडी. लेकरू निळं पडलं. यंदा बाळंतपण परत ऐन तोडीत येणार होतं. तिला माहेर न्हाई, गावात एकटी ठेवायची कुणाच्या जिवावर? तवाच मी ठरवलं, हे लेकरू भुईला टेकू द्यायचं न्हाई.

बैलजोडी इकली आणि आष्टीला जलालुद्दीनभाईकडं ट्रॉली बघायला गेलो. एक हलकी होती, पाण्याच्या टाकीसाठी बांधलेली. दुसरी नावाजल्या कंपनीची, जाड लोखंडाची, चार चाकी. भाई म्हणला, राहायलाच पाहिजे तर हलकी बास हाय. मी ऐकते व्हय! आमच्याकडं ट्रॉलीची पारख ती किती ऊस सोसती त्यावरच. मी बाजूच्या लोखंडी फाळक्यावर दगड हाणून बघितला. फाळका हलला न्हाई. आमचे मालक, शहादेवचा बाप, हलकीकडंच बघत होते, पण माझ्यापुढं ते कवा बोललेत?

पत्र्याचं छप्पर वेल्डिंगनं पक्कं करू का, भाईनं विचारलं. मी म्हणलं, नटबोल्टवर बसवा, उन्हाळ्यात काढून शेणखत वाहता येईल. एकाच कामाची वस्तू घ्यायला आमी काय सावकार हाव? खिडकी मात्र ठेवली. शहादेव चेष्टेनं म्हणला, पडदा पण लावू का? लाव म्हणलं, माझ्या जुन्या लुगड्याचा.

आमच्या टोळीचा मुकादम विठ्ठलराव, त्यानं आपल्या ट्रॅक्टरमागं जोडून ती फडावर नेली. रोहिणी आत चढली आणि फळीवरून हात फिरवत बसली. "आत्या, खालून ओल येत न्हाई," म्हणली. लई दिवसांनी पोरगी हसली.

मग मुकादमाच्या ट्रॉलीचा आख मोडला. तोडलेला ऊस फडात वाळायला लागला. आमची ट्रॉली उसाला न्यायची म्हणून तो छप्पर सोडायला पाना घेऊन आला, तशी मी आडवी आले.

"मुकादम, पोरीचे दिवस भरलेत. हे घर हाय आमचं."

तो तापला न्हाई. चाकाला पाय लावून बघितला आणि म्हणला, "विमलबाई, घरच पायजे होतं तर एवढी दणकट कावून घेतली? हलकी असती तर मी हात लावला नसता."

आख नीट झाला की ट्रॉली परत देतो म्हणला. बोल्ट माझ्या डोळ्यापुढं सुटले. वेल्डिंग असतं तर त्याला कापून न्यावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ त्याच्याकडं नव्हता.

छप्पर भुईवर मांडलं, खाली उसाचं वाळकं पाचट अंथरलं. तिथंच रोहिणी बाळंत झाली. पोरगा झाला. दुसऱ्या दिशी वरच्या रानाचं पाणी फुटून पाचटात शिरलं. मी लेकराला पोटाशी धरलं, मालकांनी जाळ केला, शहादेव दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर बघत पळाला. ट्रॅक्टर आमच्याच ट्रॉलीत ऊस भरून साखर कारखान्याच्या रांगेत उभा होता. तो यायच्या आधीच लेकरू निळं पडलं. अगदी पहिल्यावानी.

रोहिणी रडली न्हाई. पहिल्याला परक्याच्या बांधाला पुरलं, ह्याला तरी गावची माती द्या, एवढंच म्हणली. मुकादमानं मान खाली घालून ट्रॉली रिकामी करून दिली.

लेकराला पडद्याच्या लुगड्यात गुंडाळून मी मांडीवर घेतलं. सारा रस्ता खड्ड्यांचा. गावापर्यंत ट्रॉली कुठं कुरकुरली न्हाई.