मा इस्मेचे नऊ दिवस

विलायतेला जायला ग्रेनाडाच्या माणसाला व्हिसा लागत नाही. पण आता निघायच्या आधी फोनवरून परवानगी मागावी लागते, असा नियम आला आणि ग्वाव्ह गावाने कपाळाला हात लावला. मग चर्चच्या कचेरीत काम करणाऱ्या ग्लेनिसच्या दारी रांग लागली. पासपोर्टचा फोटो, तोंडाचा फोटो, चार प्रश्न, पैसे भरायचे, की झालं. कुणी तिला मासळी आणून द्यायचं, कुणी नीरफणस. शेजारच्या मिस क्लेरिसची परवानगी तर चहा निवायच्या आत आली होती. "ग्लेनिसचा हात लागला की आलीच समजा," असं लोक म्हणायचे, आणि बाईसाहेबांना ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोला!

त्याच ग्लेनिसने सख्ख्या आईचा, मा इस्मेचा, अर्ज पाठवला नाही.

तिची मावशी, तांती रोझिटा, तिकडे हडर्सफील्डला दवाखान्यात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. "इस्मेला बोलवा," एवढं एकच तिचं मागणं. परवानगी आली की तिचा मुलगा एल्रॉय तिकीट काढणार होता. मा इस्मेने बॅग भरून दोरीने बांधूनसुद्धा ठेवली होती. मंगळवारी दुपारी मायलेकी ओट्यावर अर्ज भरायला बसल्या.

"कधी कोर्टात शिक्षा झाली आहे का?" ग्लेनिसने वाचून दाखवलं.

मा इस्मेच्या तोंडाचा पट्टा एकदम थांबला. "लिही, झालीय."

"काय गं मा! त्या पाच डॉलर दंडाचं म्हणतेस? पंचावन्न वर्षं झाली त्याला!"

"झाली ती झाली. भर रस्त्यात शिवी दिली की आपल्याकडे कोर्ट दाखवतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? जायफळाच्या वखारीतला तो मेला वजन करताना काट्याला बोट लावायचा. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि बघते तर पाठीमागे हवालदार!" ती हातचं काही न राखता हसली. मग समुद्राकडे बघत म्हणाली, "रोझिटा म्हणते, आलीस की राहा. सहा महिने तर राहता येतं, पुढचं पुढे. मी काही आता परत यायची नाही बघ. तू सुटलीस, ग्लेनिस."

सुटलीस! सत्तेचाळीस वर्षांची ग्लेनिस. आईला एकटं कसं टाकायचं म्हणून तिने त्रिनिदादची नोकरी सोडली होती, तिथला एक भला माणूसही सोडला होता. आणि आई किती सहज म्हणाली, सुटलीस. फोनवर शेवटचं पान उघडं होतं, फक्त पाठवायचं बटण दाबायचं बाकी होतं. तिने फोन पालथा घातला.

"गेला अर्ज?"

"गेला, मा."

राग निवला की उद्या दाबू, असं तिने मनाशी म्हटलं. उद्याचा परवा झाला. आई सकाळ-संध्याकाळ विचारायची, आलं का गं? आणि ही मान हलवायची, नाही. शुक्रवारी मा इस्मेने कारण आपलं आपणच शोधून काढलं.

"माझ्या तोंडाने घात केला. तिकडच्या साहेबाने वाचलं असणार, ही बाई शिवराळ आहे. त्याला वाटलं असेल, कशाला ही ब्याद आपल्याकडे?"

ग्लेनिसने तेव्हाच सांगायचं. तोंड उघडलंही तिने. आणि काय म्हणाली ही बया?

"असेल, मा."

असेल! जिभेला काही वाटलं कसं नाही?

वाटलं, खूप वाटलं. रविवारी चर्चमध्ये मा इस्मे काठी टेकत उभी राहिली आणि साऱ्या गावापुढे तो जुना दंड सांगितला. "माझ्या बहिणीला शेवटचं बघायचंय. माझ्या जिभेसाठी प्रार्थना करा," म्हणाली. कुणी हसलं नाही. मिस क्लेरिसने तर डोळ्यांना रुमालाऐवजी टोपीच लावली. ग्लेनिस प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आता बटण दाबलं तर परवानगीवर अर्जाची तारीख दिसेल, आई ती क्लेरिसकडून वाचून घेतल्याशिवाय राहायची नाही, मग गावात छी थू होईल, या भीतीने तिचा अंगठा पुन्हा मागे आला. आईच्या बहिणीचा जीव एकीकडे, आणि हिला स्वतःच्या अब्रूची पडली होती.

नवव्या दिवशी एल्रॉयने दवाखान्यातून फोन लावून दिला. मा इस्मेसमोर फोन ग्लेनिसने धरला. पडद्यावर तांती रोझिटाचा चेहरा उशीत बुडालेला दिसत होता.

"रोझी, माफ कर गं. माझ्या घाणेरड्या तोंडामुळे अडलंय सगळं."

"वेडी आहेस," रोझिटाचा आवाज कसाबसा आला. "लवकर ये. मी थांबते."

फोन बंद झाल्यावर ग्लेनिस थेट मोरीपाशी गेली आणि उभ्या उभ्या बटण दाबलं. अठरा मिनिटांत परवानगी आली. अठरा मिनिटं! मा इस्मेने तिचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. "गावाची प्रार्थना पावली! तुझ्यामुळे झालं, पोरी." एल्रॉयने शनिवारचं तिकीट काढलं.

शुक्रवारी सकाळी रोझिटा गेली.

मा इस्मे रडली नाही. बॅगेची दोरी सोडून तिने फुलाफुलांचे कपडे बाहेर काढले आणि काळा झगा आत घातला. "दोन दिवस," ती म्हणाली. "परवानगी दोन दिवस आधी आली असती, तर हातात हात घेतला असता. देवाने बरोब्बर शिक्षा दिली मला."

ग्लेनिसला पुढे ऐकवेना. "देवाने नाही, मा. तुझ्या तोंडानेही नाही. मी अर्ज पाठवलाच नव्हता. परवा पाठवला."

मा इस्मे झग्याची घडी घालत होती. ती घडी तिने पुरी केली.

"का?"

"तू परत येणार नाही म्हणालीस. मी इथे एकटी काय करणार होते? राग आला मला. आणि भीती वाटली."

"मग म्हणायचं होतंस, मा, परत ये." आईचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "एवढं म्हणाली असतीस तर आले असते. मला काय तिकडची थंडी सोसते? रोझिटाचे डोळे मिटले असते की आलेच असते. कुणी परत ये म्हणतंय का, तेवढंच बघत होते मी."

ग्लेनिस मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. आईने जवळ घेतलं नाही.

"रडू नकोस माझ्यापुढे. माझं काय, मी आई आहे, आज ना उद्या गिळून टाकेन. ऊठ, तुझाही अर्ज भर. माझ्याबरोबर चल, आणि रोझिटाच्या शवपेटीपाशी उभी राहून तिला सांग. ती थांबते म्हणाली होती."

ग्लेनिसने डोळे पुसत अर्ज भरला. फोटो काढला, तो रडका आला, दुसरा काढला. पैसे भरले, बटण दाबलं. "पाठवला, मा," ती म्हणाली.

मा इस्मेने लेकीच्या हातातून फोन काढून घेतला, काठी टेकत कुंपणापाशी गेली आणि हाक मारली, "क्लेरिस, जरा इकडे ये गं. मला वाचता येत नाही. हा अर्ज खरंच गेलाय का, तेवढं बघून सांग."