मिठापुरती जीभ

कादर खानसामा रोज्याचा भारी कडक. कडक म्हणजे किती, तर दिवसभर साहेबाच्या चुलीपुढे उभा, कढईत लोणी कढतंय, पुडिंगचा वास बंगलाभर फिरतोय, आणि हा पठ्ठ्या जिभेचं टोकसुद्धा कशाला लावायचा नाही. आचाऱ्याने गरजेपुरती चव पाहून थुंकून टाकली तर रोजा जात नाही, असं इमामसाहेबांनी त्याला समजावून सांगितलं होतं. पण ऐकेल तर शपथ. मशिदीत लोक म्हणायचे, रोजा धरावा तर कादरभाईने, आणि ते ऐकून गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

बरं, मग मीठ कोण बघणार? बायको हाजरा घरी, आणि तिचाही रोजा. बंगल्यात झाडलोटीला भिका होता, पण तो स्वयंपाकाच्या खोलीचा उंबरा शिवायचा नाही. राहता राहिली सरुबाई.

सरुबाई माळीण. गंगेच्या, म्हणजे नाशिककरांच्या गोदावरीच्या पलीकडे, मखमलाबादच्या बाजूला तिचा भाजीचा मळा. रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन ती गंगापूर रस्त्यावरच्या बंगल्यांना भाजी घालायची. कादरशी तिची ओळख जुनी, भावाबहिणीसारखी. रमजान लागला की ती भाजी देऊन मागच्या पायरीवर टेकायची, कादर पळी उंच धरून तिच्या तळहातावर थेंबभर काहीतरी टाकायचा, आणि ती चाटून सांगायची, हवं का बास. पण तिची अट होती. दुधातुपातलं विटाळत नाही, तेवढं चाखीन. मांसाच्या भांड्यातलं माझ्या हातावर पडता कामा नये. आणि हे कुणाला कळताही कामा नये. तिचा दीर सावळीराम माळ्यांच्या पंचांत बसणारा, महाखवट माणूस. त्याच्या कानावर गेलं असतं तर त्याने भावजयीलाही वाळीत टाकायला कमी केलं नसतं.

त्या वर्षी रमजान नाताळाच्या तोंडावर आला. कादरचा साहेब कॅनॉलवरचा इंजिनियर. पुण्याहून त्याचा वरचा साहेब बायकोला घेऊन येणार होता, आणि पाहुण्यांना संध्याकाळची मेल गाठायची असल्याने मोठं जेवण दुपारीच ठरलं. मडमने कादरला बोलावून बजावलं की, विलायतेत मोठ्या हॉटेलात बसतात तसं जेवण घरच्या टेबलावर झालं पाहिजे. आधी मासळी, मग स्टेक. आठवड्यापूर्वी सूप खारट झाल्याने बशी तशीच परत आली होती, त्याचीही तिने आठवण करून दिली. कादरने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मुंबईहून रातोरात पापलेट आणि कोळंबी आली. लाकडाच्या भुशात, बर्फात गाडलेली. नाशिक रोडवरून टांग्याने बंगल्यावर येईस्तोवर अर्धा बर्फ वितळलेला, पण माल ताजा, पापलेटाचे डोळे लख्ख. कादरने काटे काढून मासळीच्या पांढऱ्याशुभ्र वड्या पाडल्या, कोळंबी सोलून लिंबात ठेवली. मासळीवर ओतायला लोणी, मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस हलक्या आचेवर ठेवला. स्टेकचं मांस गाईचं, कण्याखालचा मऊसूत भाग. त्याचे दोन बोटं जाड तुकडे करून त्यांना मिरी चोळली. ते तापल्या तव्यावर आयत्या वेळी टाकायचे, बाहेरून काळपट आणि आतून गुलाबी राहिले पाहिजेत. खरी मेहनत होती त्यावरच्या तपकिरी रश्शाची. त्याच गाईची हाडं पहाटेपासून उकळत होती. त्यात लाल केलेला कांदा पडला होता, आणि पातेलंभर पाणी आटून आटून वाडगाभर उरलं होतं.

आणि इथेच घोळ झाला. मासळीच्या धांदलीत रश्शात मीठ एकदा टाकलं की दोनदा, हेच कादरला आठवेना. आटलेल्या रश्शात चूक झाली की ती दुप्पट होते. तो पळी घेऊन पातेल्यापुढे उभा राहिला. जिभेचं टोक लावलं असतं की काम होतं. इमामसाहेबांची परवानगी होती, गरजही होती. पण नाही. कादरभाईचा रोजा!

तेवढ्यात सरुबाई आली. कोबी, गाजरं, कोथिंबीर उतरवून पायरीवर टेकली आणि सवयीने तळहात पुढे केला. कादरने आधी पांढरा सॉस टाकला. कणभर मीठ हवं म्हणाली. मग त्याने पळी दुसऱ्या पातेल्यात घातली.

"हे काळं काय वो?" तिने विचारलं.

"कांद्याचं आहे. कांदा लाल केलाय," कादर म्हणाला.

आता कांदा होताच त्यात, चांगला लासलगावचा. सरुबाईने थेंब चाटला, डोळे मिटले, आणि म्हणाली की खारट झालंय, पाणी घाला. मग जरा लाजून हसली. आमच्या कांद्याला जन्मात अशी चव आली नाही म्हणाली, आणि तिने हात पुन्हा पुढे केला. अजून थेंबभर द्या.

आता काय करायचं? नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. कादरने आणखी एक थेंब टाकला. तिने तोही चाटला, तळहात पदराला पुसला आणि रिकामी पाटी उचलून गेली.

जेवण असं काही झालं की विचारू नका. मासळी बशीत फुलासारखी उकलली. स्टेकवर सुरी नुसती टेकवली की कापत होती. पुण्याच्या साहेबाने पावाच्या तुकड्याने रस्सा निपटून खाल्ला, आणि त्याच्या बायकोने कादरला बाहेर बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली. साहेब खुश, मडम खुश. कादर हात जोडून उभा होता आणि आतून त्याला तो थेंब पोखरत होता.

संध्याकाळी रोजा सोडायला बसला, तर खजूर हातात घेऊन नुसता बघत राहिला. हाजराने काय झालं म्हणून विचारलं. आधी त्याने गडबडीत सरुबाईची अट विसरलो, पातेली बदलली, असं काहीबाही सांगून पाहिलं. मग कादरला राहवलं नाही. विसरला नव्हता तो. पळी हवेत होती तेव्हाच त्याला आठवलं होतं, लख्ख आठवलं होतं, आणि तेवढ्या वेळात हात मागे घेता आला असता. पण मडमची परत आलेली बशी त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्याने पळी कलती केली. वर कांद्याचं नावही घेतलं.

हाजराने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"तुमचा रोजा तेवढा रोजा," ती म्हणाली, "आणि तिचा धरम म्हणजे काय पायपुसणं होतं?"

त्या रात्री त्याने ठरवलं की सरुबाईला सगळं सांगून तिच्या पायावर डोकं ठेवायचं.

ठरवणं सोपं असतं हो. दुसऱ्या दिवशी ती आली ती हसतच. तिच्या मुलीचं लग्न सिन्नरच्या चांगल्या घरात जमलं होतं, सुपारी फुटली होती. ते सांगताना तिचं तोंड असं फुललेलं की कादरने ठरवलेलं सगळं गिळून टाकलं. आज काही चाखायचं नाही, एवढंच तो पुटपुटला. तिसऱ्या दिवशीही तेच. ती पायरीवर टेके, वाट बघे, तो पाठमोरा होऊन चूल फुंकत राही. मग तीही पाटी उचलून जाऊ लागली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर कादर साहेबाची रजा काढून गंगा ओलांडून पलीकडे गेला. सरुबाई मळ्यात एकटीच मेथीच्या जुड्या बांधत होती. कादर बांधावर उभा राहिला.

"सरुबाई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुमच्या हातावर जे टाकलं ना, ते..."

"थांबा."

तिचे हात थांबले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तीन दिस झालं तुमी माझ्या तोंडाकडं बघत नाय. मी काय येडी हाय का, कादरभाई? पण बोलू नका."

"बोललो नाही तर मला झोप यायची नाही, बाई. मी गुन्हेगार आहे तुमचा."

"सांगितल्यावर तुमाला झोप लागंल. आन् मला?" आता तिने वर पाहिलं. "मला ठावं झालं तर पंचापुढं जावं लागंल, नाय तर जल्मभर लपवावं लागंल. माझ्या पोरीचं लगीन मोडंल. तुमचं वझं हाय, तुमी वागवा. माझ्या डोईवर देऊ नका."

कादर उभ्याउभ्या रडला. मोठा माणूस, दाढीत पांढरे केस आलेला, डोक्यावरची टोपी हातात चुरगाळत रडला. सरुबाईने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, जा आता, कुणी बघंल. रागावलेलीही वाटली नाही, नुसती थकलेली वाटली.

तो निघाला. काठालगतच्या वळणाशी येऊन त्याने मागे पाहिलं, तर सरुबाई जुड्या तशाच टाकून उतारावरून गंगेकडे चालली होती. थंडी मरणाची. काठावर क्षणभरही न थांबता ती लुगड्यानिशी पाण्यात शिरली. बुडी मारली, वर आली, पुन्हा मारली. मग ओंजळीने पाणी घेऊन चुळा भरू लागली. एकामागून एक, घाईघाईने, ठसका लागेपर्यंत. बोटं घालून जीभ घासत होती. ज्याचं नाव तिने ऐकून घेतलं नव्हतं, ते ती धुऊन काढत होती.

खालच्या अंगाला शेजारची चिमणाबाई धुणं धूत होती. तिने ओरडून विचारलं, अगं, ह्या गारठ्यात काय करतीस?

"पाय घसरला," सरुबाई म्हणाली.

चिमणाबाई हसली, म्हातारी झालीस म्हणाली. सरुबाईही हसली. मग काठाच्या ओल्या दगडावर चढताना तिचा पाय खरंच सटकला आणि ती गुडघ्यावर आपटली. कादर दोन पावलं धावला, हात पुढे झालाच होता. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि तो जागच्या जागी थांबला. आत्ताच धुऊन आलेल्या त्या बाईला त्याचा हात लागून चालणार नव्हता. सरुबाई एकटीच दगडाला धरून उठली, पदर पिळला आणि मळ्याकडे चालू लागली.