पाण्याला उकळी आणणारी मी

"ताई, उकळून जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. बाळाला हे पाणी देऊ नका," असं पालिकेकडून पाणी तपासायला आलेली बाई माझ्या देखत म्हणाली होती. मी ते कानाआड केलं. तिची बाटली भरून झाली, ती जिना उतरून गेली, आणि मी शेगडीवर नेहमीसारखी शिट्टी घातली.

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. जाड पत्र्याची, काळ्या मुठीची. कारखान्यात माझी चोच जोडणाऱ्या कारागिराने मला पाण्याने भरून सगळीकडून निरखलं होतं आणि "ही गळायची नाही" असं म्हणून पुढे सरकवलं होतं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. ते मी फार दिवस मिरवलं.

एका घरात मी लग्नाच्या भेटीतून आले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, सून, सासूबाई, कामानिमित्त आठवडा आठवडा बाहेर असणारा मुलगा, आणि पुढे तीन महिन्यांची ठमी. आईचं दूध पुरेना, म्हणून ठमीला डब्यातल्या पावडरीचं दूध सुरू झालं आणि त्याचं पाणी उकळायचं काम माझ्याकडे आलं.

इमारतीत दोन नळ होते. स्वयंपाकघरातल्या नळाला शहराचं पाणी सकाळी तासभर येई. जिन्याजवळच्या नळाला बोअरचं पाणी, दिवसभर. त्या वर्षी रस्ता खणून मोठी पाइपलाइन बदलायला घेतली आणि शहराचं पाणी गंजलेलं, तांबूस येऊ लागलं. बोअरचं मात्र काचेसारखं नितळ. सुनेने दोन्ही पेल्यांत धरून उजेडात पाहिलं आणि नितळ निवडलं. तिच्या जागी तुम्हीही तेच केलं असतंत.

पाणी तपासणारी बाई आली ती याच सुमारास. सासूबाई तिला म्हणाल्या, "आम्ही गावी इतकी वर्षं असंच जमिनीतलं पाणी प्यायलो. आम्ही काय दगड खाऊन वाढलो?"

तिने माझं झाकण उचललं. आत पांढरा, खरखरीत थर होता. "दगडच खाताय आजी, बघा की."

सासूबाईंना हसू आलं. मला राग आला. तो थर म्हणजे माझा अभिमान होता. मला वाटे, पाण्यातलं जे जे वाईट ते मी माझ्या अंगाला लावून घेते आणि ठमीच्या बाटलीत फक्त चांगलं उतरतं. सुनेलाही तसंच वाटत होतं, म्हणून त्या बाईचं बोलणं तिनेही मनावर घेतलं नाही. सासूबाई थर खरवडून म्हणायच्या, "बघ, केवढी घाण निघाली. किटली आहे म्हणून."

सून काळजी करणारी. पाणी उकळलं की ती थांबत नसे. माझ्या पोटाला आतून एक पोचा आहे, तिथपर्यंत पाणी आटलं की मगच आच बंद करी. जितकं जास्त उकळू तितकं निर्धोक, असा आमचा दोघींचा हिशोब.

एका दुपारी खिडकीपाशी ठमीची नखं कापताना ती थबकली. "आई, हिची नखं जांभळी दिसतात का हो?"

"गारठली असेल. मोजे घाल."

तिने मोजे घातले. पण जिवाला चैन पडेना, म्हणून त्या दिवसापासून ती पाणी पोच्याच्याही खाली आटवू लागली. मीही जोर लावून उकळत राहिले.

पाचव्या दिवशी ठमीने बाटली अर्ध्यात सोडली आणि मान टाकली. तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. सून अनवाणीच जिना उतरली. सासूबाई दार उघडं टाकून मागे धावल्या. शेगडीवर मी कोरडी होईपर्यंत तापत राहिले. शेवटी शेजारच्या काकूंनी येऊन गॅस बंद केला.

संध्याकाळी सून कपडे न्यायला आली, सासूबाई सोबत होत्या. सून माझ्याकडे बघत बोलत होती. "डॉक्टरांनी विचारलं, दुधात पाणी कुठलं? मी म्हटलं, उकळलेलं. ते म्हणाले, उकळलेलं ते कळलं, कुठलं? तुमच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट असणार म्हणाले, त्याने तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू नेईनासं होतं. ते दिसत नाही, भांड्याला चिकटत नाही, उकळून जात नाही. पाणी आटतं, ते मागे उरतं. आई, आपण आटवून आटवून तिला तेच घट्ट करून पाजलं."

सासूबाई खाली बसल्या. "मोजे घाल म्हणाले गं मी," एवढंच त्या बोलल्या.

ठमी वाचली. चौथ्या दिवशी लालबुंद होऊन, घसा फोडून रडत घरी आली. पण मला पुन्हा कुणी शेगडीवर ठेवलं नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली. कुणी मला दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. वर्षभरात मला माळ्यावरच विसरून ते घर सोडून गेले. बोअरच्या नळावर पाणी तपासणाऱ्या बाईने पुढे 'हे पाणी पिऊ नका' असा कागद चिकटवला होता, तो भिजून केव्हाच गळून पडला.

मित्रांनो, नितळ दिसतं ते चांगलंच असतं असं नाही, आणि काळजी पुष्कळ असली तरी कळल्याशिवाय ती पुरत नाही. हे मला उशिरा कळलं. मला आणखी एक सांगायचं आहे, पण जिला सांगायला हवं तिला माझी फक्त शिट्टीच ऐकू येते.

गेल्या आठवड्यात त्याच खोल्यांत नवी भाडेकरू आली. एकटीच आहे, कुशीत महिन्याचं बाळ. माळा झाडताना तिला मी सापडले. "वा, चांगली जड आहे की," म्हणत तिने मला घासून लख्ख केलं. स्वयंपाकघरातला नळ दिवसभर कोरडा असतो, म्हणून बाळाच्या पावडरीच्या दुधासाठी ती मला जिन्याजवळच्या नळावर भरते. मी शिट्टी घालते, जिवाच्या आकांताने घालते. तिला वाटतं, पाणी झालं.

तिसरा मजला, उजवीकडचं दार. तुमच्या आईला सोबत घ्या, आजच वर जा, आणि त्या बाळाची नखं एकदा उजेडात बघून या.