एक्केचाळीस नंबरची आरी

केलेब यार्नलचा पाय सकाळपासून थरथरत होता. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या माणसाला हे शोभत नाही. त्यांच्या प्रार्थनेत तासभर न हलता, न बोलता बसायचं, म्हणजे आतला प्रकाश दिसतो. याच शांततेनं चोरही सुधारतील, या भाबड्या आशेवर त्यांनी फिलाडेल्फियात नवा तुरुंग उभा केला होता. एका कोठडीत एकच माणूस, नावाऐवजी नंबर. पावलंही वाजू नयेत म्हणून पहारेकरी बुटांवर लोकरी मोजे चढवत.

दुपारी तुरुंगाच्या विश्वस्तांच्या सभेत केलेबचाच ठराव होता: कैद्यांची कामाची अवजारं काढून घ्यावीत, कामात मन रमलं की पश्चात्ताप राहून जातो.

त्याआधी तो नेहमीसारखा एक्केचाळीस नंबरकडे गेला. हा घोडा चोरून आलेला, कोठडीत आरीनं चामडं टोचून बूट शिवायचा. दोन वर्षं केलेब दर आठवड्याला त्याच्यासमोर तासभर गप्प बसे आणि वहीत लिही, ‘कैदी शांत आहे.’ आजही तास संपल्यावर त्यानं प्रार्थनेच्या रिवाजाप्रमाणे हात पुढे केला. कैद्यानं तो धरला आणि सोडलाच नाही.

“बोल की काहीतरी. घोडा चोरला खरा, पण तुझं काय घोडं मारलंय मी?”

“आपण प्रार्थना करत होतो ना, मित्रा?”

“तू करत असशील. मला वाटलं, ही पण शिक्षाच.”

केलेबचे कान तापले. बोलायचं तरी काय? “धक्क्यावर ऑयस्टरचे शिंपले आलेत,” तो कसाबसा म्हणाला.

“मोठे आहेत का यंदा?” कैद्याचे डोळे भरून आले. “मी या बुटांशी बोलतो. डावा निदान ऐकून तरी घेतो. हातात आरी आहे म्हणून डोकं ठिकाणावर आहे, नाहीतर कधीच गेलं असतं.”

केलेबनं विचारलं, “नाव काय तुझं?”

“एनोस टल. म्हण ना एकदा. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय.”

तेवढ्यात दार उघडलं. पहारेकऱ्याची चाहूल लागलीच नव्हती. नाव घेणं नियमाबाहेर, म्हणून केलेब सवयीनं गप्प झाला आणि तसाच निघून आला. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

सभेत ठराव वाचला गेला. क्वेकर मतं मोजत नाहीत. कुणी बोललं नाही म्हणजे सगळ्यांना मान्य. सगळे डोळे मिटून बसले. चिटणीसानं टाक दौतीत बुडवला.

“थांब,” केलेब उठला. “एनोस टलची आरी काढून घेऊ नका.”

“हा कोण?”

“एक्केचाळीस नंबर. ती गेली तर वेडा होईल तो.”

“अरे, ठराव तुझाच आहे.”

“माझाच आहे, म्हणून तर उभा राहिलोय. मला मान्य नाही.”

एक माणूस अडला की ठराव अडतो. चिटणीसानं निमूटपणे कागद बाजूला सारला आणि मनं निवावीत म्हणून सगळे पुन्हा शांत बसले. केलेबला ती शांतता सोसवेना. कुणाशी हात न मिळवता तो उठला आणि तडक तुरुंगाकडे निघाला.

फाटकावर त्याला आत सोडलं नाही. भेट आठवड्यातून एकदाच, हा नियम त्यानंच लिहिलेला. मग तो भिंतीलगत पळत मागच्या बाजूला गेला आणि बेंबीच्या देठापासून ओरडू लागला, “एनोस टल! एनोस टल!”

भिंत किती जाड असावी, हेही त्यानंच ठरवलं होतं. बाहेरचा शब्द आत जाऊ नये, इतकी.