राजनिळी आणि मोरकंठी

बंगलोरच्या बसवनगुडीत तेव्हा अजून घरांना अंगण होतं आणि अंगणाला कुंपणाची भिंत. तुळजाअक्कांच्या भिंतीची मात्र वीटसुद्धा कधी कुणाच्या नजरेला पडली नव्हती. तिच्यावर वेल होती. सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला फाटकाशी जावं तर भिंतभर निळी फुलं उमललेली असायची. एकेक फूल बशीएवढं. ऊन चढलं की तीच फुलं जांभळट गुलाबी व्हायची आणि दुपारी मिटून जायची.

कल्पना वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आली तेव्हा नागपूरच्या मोकळेपणानं म्हणाली होती, "अय्या, किती छान गारवेल आहे हो तुमच्याकडे!"

अक्कांनी तिच्याकडे असं पाहिलं की बिचारीच्या हातातला कुकर तसाच राहिला.

"गारवेल म्हणजे कुंपणावरचं रान. ही राजनिळी. आमच्या ह्यांनी आणलेली."

अक्कांचे यजमान मालोजीराव रेल्वेत होते. अरसिकेरेच्या स्टेशनाबाहेरच्या कुठल्याशा बागेतून त्यांनी एक फांदी पाण्याच्या तांब्यात घालून आणली होती आणि नावही त्यांनीच ठेवलं होतं. ते नाव कल्पनानं पुढे कुठेच ऐकलं नाही. पण अक्कांपुढे दुसरं नाव घ्यायची तिची छाती नव्हती. अक्कांच्या घराण्याला बंगलोरात इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांच्या मराठीत कानडी कुठे सुरू होते हे त्यांनाही कळत नसे. रागावल्या की मात्र शुद्ध मराठीत रागवत.

आणि माया केली तर तीही तशीच, पातळ न करता. कल्पनाचे दिवस भरत आले आणि तिकडे नागपूरला तिची आई पाय मोडून अंथरुणाला खिळली. तिचा नवरा पद्माकर सरकारी कारखान्यात इंजिनियर, मोठमोठी यंत्रं चालवणारा, पण घरी नुसता येरझारा घालत होता. अक्का जिना चढून वर आल्या नि म्हणाल्या, "स्वल्प बसा हो तुम्ही. मी आहे." तान्ह्या ईराला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, कल्पनाची शेकशेगडी, अळिवाचे लाडू, सगळं त्या बाईनं केलं. भाडेकरणीचं बाळंतपण कुठली घरमालकीण करते? कल्पनाच्या आईनं पत्रात लिहिलं होतं, या बाईचे पाय धुऊन पाणी प्यायलीस तरी कमीच.

पण अक्कांना कधी काही लागायचंच नाही. साडी दिली तर पेटीत जायची, चिवडा दिला तर दुसऱ्या दिवशी डब्यातून सांडगे परत यायचे. इतक्या वर्षांत त्यांनी कल्पनाकडे एकच गोष्ट मागितली.

अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. म्हैसूरच्या लेकानं, चंद्रकांतनं, त्यांना ऑपरेशनसाठी बोलावून घेतलं. एक डोळा, मग थोडं थांबून दुसरा, म्हणजे चांगले काही महिने. निघताना रिक्षा दाराशी उभी, आणि अक्का भिंतीशी. फुलांवरून हात फिरवत म्हणाल्या, "कल्पना, नवे डोळे घेऊन येईन तेव्हा पहिल्यांदा ही बघायची आहे मला. तुझ्या हवाली करते."

"अक्का, पोरीसारखी सांभाळीन," कल्पना म्हणाली.

तिनं सांभाळलीही. पण शेजारचा जुना बंगला पाडून तिथे फ्लॅट व्हायचे होते. पाया खणताना मजुरांनी अक्कांच्या भिंतीखालची मातीच काढली आणि भिंत खाली आली. कल्पना ईराला घेऊन गांधी बाजारात भाजीला गेली होती. परत येऊन पाहते तर अंगण उघडं पडलेलं, आणि विटा, माती, वेल, मुळं, सगळं लॉरीत भरून लॉरी गेलेली. कंत्राटदार भला माणूस होता, हात जोडून म्हणाला, भिंत बांधून देतो अम्मा. दिलीही. सरळ, गुळगुळीत, पांढरी. तिच्याकडे बघून कल्पनाला रडू यायचं.

तरी तिचा धीर सुटला नव्हता, कारण तिच्याजवळ बी होतं. त्याच भिंतीवरची वाळलेली बोंडं तिनं थंडीत खुडून बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवली होती. ती पेरली. रोपं आली, वर चढली, कळ्या धरल्या. एका सकाळी पहिलं फूल उमललं ते वांगी रंगाचं, पांढऱ्या गळ्याचं, रुपयाएवढं.

पद्माकर दात घासत बाहेर आला. "राजनिळी?"

"नाही."

"मग राजजांभळी म्हणूया. अक्कांना काय दिसतंय!"

"अहो, दिसावं म्हणून तर गेल्यात त्या!" कल्पना इतकी चिडली की तो ब्रश तोंडात ठेवूनच आत पळाला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. भिंतीवर दोन वेली होत्या, एकमेकींत गुंतलेल्या. ऊन चढून राजनिळी जांभळट झाली की दुसरीची फुलं तिच्यातच खपून जायची. पानं दोघींची बदामी. बोंडं मात्र एकीचीच असणार, या दुसरीची. राजनिळीचं बी म्हणून जपलं ते तिचं नव्हतंच.

मग महाराष्ट्र मंडळातल्या बायकांकडे शोध सुरू झाला. अंजलीनं हसत हसत एक कुंडी आणली, "अगं, हीच ती निळी गारवेल." फुलली ती गुलाबी, पांढऱ्या पट्ट्यांची. मुग्धाचा नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला होता, तिकडच्या माळावरून तिनं वेल उपटून आणली. "आम्ही पुण्यात हिला मॉर्निंग ग्लोरीच म्हणतो, सगळ्या सारख्याच असतात गं." ती फिकी जांभळी निघाली आणि पान तर हाताच्या पंजासारखं. जी ती छातीठोक सांगायची, हीच. प्रत्येकीचं नाव वेगळं नि प्रत्येकीचं फूल वेगळं. कल्पनाच्या गॅलरीत वेलींची जत्रा भरली आणि राजनिळी काही तिच्यात नव्हती.

राहिलं एकच घर. तिथे जायचं नाव कल्पना घेत नव्हती.

चामराजपेटात अक्कांचे धाकटे दीर विठोजी राहायचे. खाली त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर बिऱ्हाड. त्यांची बायको गौराकाकू ही अक्कांची धाकटी जाऊ. फार वर्षांपूर्वी एका संक्रांतीला अक्कांनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून राजनिळीच्या फांद्या नारळाच्या करवंटीत रुजवून वाटल्या होत्या. बाकीच्यांच्या मेल्या, गौराकाकूंची जगली. पुढे त्यांच्याकडे सत्यनारायणाला अक्का गेल्या, गच्चीवरची फुलं पाहिली आणि चार बायकांत बोलून गेल्या, "ही आमची नव्हे हो. हे फिकट काहीतरी आहे. माझी मेली असणार, म्हणून हिनं दुसरंच रान लावलंय."

गौराकाकू म्हणाल्या, "फिकट? तुमच्यापेक्षा निळी आहे माझी. नसेल तुमची तर नसो. ही माझी मोरकंठी."

तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. लग्नाकार्यात समोरासमोर आल्या तर मधल्या माणसाला सांगायच्या, "त्यांना म्हणावं भात वाढू का."

शेवटी कल्पना ईराला काखोटीला मारून चामराजपेटला गेली. दुकानावरून जिना चढून वर आली आणि गच्चीच्या दारातच थबकली. पाण्याच्या टाकीवर निळंच निळं पसरलं होतं.

गौराकाकू वाळवण घालत होत्या. "तू अक्काची भाडेकरीण ना? तिनं पाठवलं?"

"नाही काकू. त्या म्हैसूरला आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय."

"दोन्ही?" काकूंचा हात थांबला. मग त्या पुन्हा पापड पसरू लागल्या. "सरी, बरं झालं. आता तरी दिसेल तिला."

कल्पनानं सगळं सांगितलं. भिंत, लॉरी, बोर्नव्हिटाचा डबा. आणि म्हणाली, "काकू, थोडं बी मिळालं तर..."

"बी?" काकू हसल्याच. "हिला कुठलं बी! इतकी वर्षं झाली, एक बोंड बघितलं नाही मी. फांदी रोवायची, बास. कुणी दिली तर जगते ही, नाही दिली तर संपली."

कल्पनानं वेलीकडे पाहिलं. बशीएवढी फुलं, बदामी पानं, आणि बोंड एकही नाही. "म्हणजे काकू, ही अक्कांचीच..."

"गप्प. तिची राजनिळी, माझी मोरकंठी. तिनंच सांगितलंय ना गावाला की दोन वेगळ्या? मग वेगळ्या तर वेगळ्या!" त्या उठल्या, टाकीमागून डालड्याचा डबा ओढून आणला. त्यात मुळं धरलेली, हातभर वाढलेली फांदी होती. "ने. पण एका अटीवर. नाव बदलायचं नाही. अक्काला सांगायचं, ही गौराची मोरकंठी म्हणून. सांगशील?"

अक्का ती उपटून फाटकाबाहेर टाकतील हे कल्पनाला दिसत होतं. पण डबा हातात होता आणि काकूंची नजर तिच्यावर.

"सांगेन."

ईराला मांडीवर आणि डबा दोन पायांत धरून ती रिक्षानं घरी आली. नव्या भिंतीवर खिळे मारून दोऱ्या ताणल्या. वेल तिला जणू ओळखतच होती. पितृपक्षात निम्मी भिंत चढली आणि दसऱ्याला सगळी भिंत झाकून फुलली.

अक्का दिवाळीच्या तोंडावर आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, बरोबर चंद्रकांत. दुपारची वेळ होती, फुलं मिटलेली. कल्पना म्हणाली, "अक्का, मला काही सांगायचंय, वेलीबद्दल."

"आत्ता नको गं. सकाळी बघणार मी ती. मिटलेल्या फुलाबद्दल काय बोलायचं?"

चंद्रकांत जिन्यात भेटला तेव्हा सांगत होता, "आईला सगळंच नवं वाटतंय वहिनी. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूनं सगळं पिवळट, मळकं दिसतं, निळा रंग तर आधी जातो. आता स्वतःच्याच जुन्या लुगड्याला विचारते, हे कधी घेतलं?"

सकाळी अक्का खाली आल्या. कल्पना ईराला घेऊन आधीच उभी होती. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं. अक्कांनी चष्मा काढला आणि त्या भिंतीजवळ जाऊन एकेक फूल बघत राहिल्या.

"कल्पना, ही माझी नव्हे."

कल्पना पुढे सरसावली. "अक्का..."

"माझी इतकी निळी कधीच नव्हती." त्यांनी एक फूल ओंजळीत धरलं. "ही गौराची आहे. ती सांगत होती, माझी जास्त निळी म्हणून. आणि मी तिला हसले गं, चार बायकांत हसले."

मग पाठ केलेलं सगळं विसरून कल्पनानं भडाभडा सांगून टाकलं. भिंत पडली ते, बी फसलं ते, डालड्याचा डबा आणि नावाची अट. सांगता सांगता रडूही लागली. "तुम्ही एकच गोष्ट मागितली होती अक्का, आणि तीही..."

"अगं वेडे! पोरीला काखेत घेऊन चामराजपेटला गेलीस? गौराच्या दारात?" अक्कांनी तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले. "माझ्या सख्ख्या लेकाला हे जमलं नसतं. इतकी वर्षं झाली, त्या घरात जाऊन माझं नाव काढलेलं कुणी माणूस मला दाखव."

कल्पनाला चंद्रकांतचं बोलणं आठवलं आणि सगळं लख्ख झालं. घरची फुलं अक्का आठवणीनं बघत होत्या आणि गौराकाकूंची मोतीबिंदू धरलेल्या डोळ्यांनी. आता पहिल्यांदा नव्या डोळ्यांनी घरची बघितली. हे सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण अक्का रिक्षा बोलवायला सांगत होत्या, तेव्हा तिनं ते मिटलं.

चामराजपेटचा जिना अक्का दमत दमत चढल्या. गौराकाकू दारात आल्या आणि सवयीनं कल्पनाला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, बसा."

"मला म्हण," अक्का म्हणाल्या. "गौरा, तुझीच जास्त निळी गं. बघितली मी. चुकलं माझं."

इतकी वर्षं जे ऐकायची वाट बघितली ते कानावर पडल्यावर गौराकाकूंना आनंद व्हायला हवा होता. क्षणभर तसा झालाही, मान जरा ताठ झाली. मग त्या खाली वाकल्या आणि अक्कांच्या पायांना हात लावला.

"तुमचीच आहे अक्का. त्या करवंटीतली. रागानं नाव बदललं, वेल कुठून बदलू? हिला बीसुद्धा नाही. तुम्ही दिली म्हणून आहे."

"नाही, ही मोरकंठीच," अक्का म्हणाल्या.

"राजनिळी. भावोजींनी ठेवलेलं नाव आहे ते."

"मोरकंठी म्हणते ना मी! मोठी कोण आहे, तू की मी?"

"मोठ्या तुम्हीच. म्हणून तर राजनिळी!"

आत कॉफीचा फिल्टर थेंब थेंब गळत होता. विठोजी दुकानातून वर डोकावले आणि दोघी भांडताहेत हे पाहून घाबरून पुन्हा खाली जायला निघाले, तेव्हा कल्पनानंच त्यांना थांबवलं. मग अक्का कल्पनाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "संक्रांतीला करवंट्या जमवून ठेव. या वेळचं वाण तू वाटायचं."

"आणि बायकांनी नाव विचारलं तर?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

"विचारेल तिला इकडे घेऊन ये," गौराकाकू म्हणाल्या आणि कॉफीचा पहिला पेला अक्कांच्या हातात दिला.