फोटोची डावी कड

"मांडवाचे खांब असे वाकले कशे हो भाऊ?" कोंडाजीनानांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "पाव्हणे म्हणतील, फोटो काढता काढता मांडव पडला."

नानांचं बोट निघाल्यावर ज्ञानेशने शर्टाच्या बाहीने स्क्रीन पुसली. "नाना, स्टेज अरुंद होतं अन् माणसं फार. म्हणून महेशभाऊंनी वाइड लेन्स लावली. तिच्यात सगळे मावतात, पण कडेच्या रेषा वाकतात. थांबा, करतो सरळ."

गंगापूर रोडवरच्या या स्टुडिओत फोटो काढायचे मालक महेशभाऊंनी आणि निस्तरायचे ज्ञानेशने, अशी वाटणी कित्येक वर्षं चालत आली होती. लग्नातली जिलेबी मालकाची, शाबासकीही त्यांचीच. ज्ञानेशच्या वाट्याला सुटलेली पोटं, मिटलेले डोळे आणि वाकलेले खांब. कडेला उभ्या राहणाऱ्या माणसांवर तर त्याचा खास राग होता. मध्ये ऐसपैस जागा सोडून हे लोक टोकाला जाऊन उभे राहणार, लेन्स त्यांना पापडासारखी लाटणार आणि मग त्यांना बारीक करत ज्ञानेशने मान मोडून घ्यायची.

आज समोर मखमलाबादचे कोंडाजीनाना, त्यांची पुतणी स्नेहल आणि स्नेहलची आई चंद्रभागाबाई बसले होते. घरची फुलशेती. बाई पहाटे शेवंती खुडून फुलबाजारात पाठवायच्या आणि त्यावरच पोरगी शिकली होती. तिचं लग्न नुकतंच झालं होतं. नवरा पेठ गावच्या शाळेत शिक्षक. उद्या ती तिकडे संसार मांडायला निघणार होती आणि हा ग्रुप फोटो मोठा करून, फ्रेममध्ये घालून तिला सोबत हवा होता. फ्रेमवाला शेजारीच फोटोची वाट बघत बसला होता.

ज्ञानेशने स्लायडर ओढला. खांब शहाण्या पोरांसारखे ताठ उभे राहिले.

"आता कसं!" नाना खूश झाले.

"नाना, आईकडं बघा ना जरा," स्नेहल म्हणाली.

डाव्या टोकाला चंद्रभागाबाई उभ्या होत्या. रेषा सरळ करताना सॉफ्टवेअरने फोटोच्या कडा बाहेर ओढल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर बाईही ओढल्या गेल्या होत्या. गाल पसरला होता, दंड मांडीएवढा झाला होता, अर्धा खांदा तर फोटोबाहेरच गेला होता. अंगाने काटकुळ्या बाई फोटोत भरल्या पोत्यासारख्या दिसत होत्या.

ज्ञानेशने स्लायडर मागे घेतला. गाल जागेवर आला, खांब पुन्हा वाकले. एक सांधावं तर तेरा तुटतात, तशातली गत. मग त्याने बाईंना तेवढं वेगळं निवडलं आणि दोन्ही बाजूंनी आत दाबलं. मान दुखायला लागली होती.

"घ्या. खांबही सरळ, मावशीही बारीक."

स्नेहलने स्क्रीनजवळ वाकून पाहिलं. "ही आई नाही."

"अहो ताई, डोळे त्यांचेच, नाक त्यांचंच!"

"असेल. पण आई नाही ही."

"ऱ्हाऊ दे गं," चंद्रभागाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "मला कोण बघतंय? भाऊजींचे खांब नीट दिसू दे."

"मी बघणारे ना! तिथं पेठला तुला बघायला दुसरं काय हे माझ्याकडं?" स्नेहलचा आवाज चढला. "लग्नातला आपला दोघींचा हा एकच फोटो हे."

"एकच कसा असेल?" ज्ञानेश वैतागून म्हणाला. "थांबा, दुसरा शोधू. मावशी मध्ये आहेत असा एक तरी निघेलच."

त्याने अख्खं लग्न उघडलं. हळदीत बाई दारापाशी, अर्ध्या कापलेल्या. मंगलाष्टकांना गर्दीच्या शेवटी, नुसता पदर. कन्यादानाला नाना आणि काकू बसलेले, बाई खांबामागे. पाठवणीत स्नेहल काकूच्या गळ्यात पडून रडत होती आणि फोटोच्या कडेला गाडीच्या दारावर एक हात होता. तो हात बाईंचा, हे स्नेहलने सांगितलं म्हणून कळलं.

ज्ञानेशचा तोल गेला. "काय हो मावशी! पोरीच्या लग्नात दरवेळी टोकाला जाऊन काय उभं राहायचं? मध्ये काय काटे पसरले होते? तुम्ही लोक कडेला उभे राहता अन् आमचा जीव जातो इथं!"

नाना स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले.

"मी चौथीत असताना बाबा गेले, दादा," स्नेहल हळूच म्हणाली.

ज्ञानेशने वळून बाईंकडे पाहिलं. इतका वेळ त्याने त्यांचा गाल, दंड, खांदा स्क्रीनवर खेचला आणि दाबला होता; मोकळं कपाळ मात्र त्याला दिसलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवरच्या अल्बमांमधली कडेची माणसं आठवायला लागली. कुणाची विधवा आत्या, कुणाची नवऱ्याने टाकलेली बहीण. शिव्या घालत घालत त्याने त्यांना बारीक केलं होतं. मधली जागा त्यांनाही दिसतच असणार.

"मी हाक मारली होती तुला," स्नेहल आईला म्हणाली. "माझ्याजवळ ये म्हणून."

"मारली व्हती. ऐकली की मी."

"मग?"

"सवाष्णी उभ्या व्हत्या तिथं. तुझ्या सासरची मान्सं बघत व्हती. पहिल्याच दिवशी तुझ्या नावानं कुनी काय बोलाय नको."

"मधी या, असं मी म्हनाय पायजे व्हतं," नाना पुटपुटले. "मीबी नाय म्हनलो."

ज्ञानेश घाईघाईने खुर्ची सरकवून बसला. "मावशी, मी आणतो तुम्हाला मध्ये. इथून उचलतो, ताईंच्या शेजारी ठेवतो. काकूंना थोडं सरकवलं की झालं. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"नको बाबा," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी नव्हते तिथं. उद्या हिची लेकरं इचारतील, आजी तू मधी उभी व्हती का? काय सांगू मी त्यांना?"

ज्ञानेशने माउसवरचा हात काढला. नानांनी घसा खाकरला.

"खांब वाकडेच ऱ्हाऊ द्या भाऊ. वहिनींचं तोंड नीट येऊ द्या."

ज्ञानेशने तसंच केलं. खांब वाकलेले, बाई जशा आहेत तशा. फोटो फ्रेमवाल्याकडे पाठवून तो उठला आणि त्याने मालकाच्या कपाटातून कॅमेरा काढला. बऱ्याच दिवसांत त्याने तो हातात घेतला नव्हता. साधी लेन्स लावली.

"मावशी, आत या. एकट्या तुमचा एक फोटो काढतो. ताईंना न्यायला."

आत निळ्या पडद्यापुढे एक लांब बाकडं होतं. स्नेहलने आईचा पदर सारखा केला, कानामागे केस लावले. बाई बाकड्यावर बसल्या. अगदी डाव्या टोकाला, गुडघे जवळ घेऊन, अजून चारजण यायचे असल्यासारख्या.

"वहिनी, मधी सरका," नाना म्हणाले. "एकल्याच तर हाय तुम्ही."

"बसते की हितंच. बरं हाय."

स्नेहलने ज्ञानेशकडे पाहिलं. त्याने कॅमेऱ्याचा स्टँड उचलला, डावीकडे नेला आणि बरोबर त्यांच्या समोर ठेवला.